‘शुड हॅव’ची दहा वाक्यं

बारावी होऊन वर्ष झालं होतं आणि माझं बूड कुठेच टेकत नव्हतं. सकाळी चहाचा कप हातात घ्यावा आणि तो संपायच्या आत वाटावं की आपण या गिरणारे गावात काय करतोय. एसटीत बसून नाशिकला जावं, तर सीबीएस स्टँडला उतरल्या उतरल्या घरची आठवण यावी. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." मला त्याचा राग यायचा, कारण भिंगरी निदान एका जागी फिरते. आता पन्नाशी उलटली तरी जेवताना मी दोनदा उठते, एकदा मिठासाठी आणि एकदा उगाच. माझी सून हसते. हसू दे.

इंग्रजीच्या क्लासला मला घातलं ते नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. हौस म्हणून नव्हे. आमच्या सहा-सात बागायतदारांच्या गटाने द्राक्षं परदेशी पाठवायला नुकती सुरुवात केली होती, आणि त्याबरोबर इंग्रजी कागद यायला लागले होते. ते कागद घेऊन नाना नाशिकला व्यापाऱ्याच्या ऑफिसात जायचे, तिथला कारकून अर्धवट काहीतरी सांगायचा, आणि नाना तोंड पाडून परत यायचे. एकदा म्हणाले, "आपला माल, आपल्या घामाचा, अन त्याच्याबद्दल काय लिवलंय ते दुसऱ्याकडून ऐकायचं. घरात एक तरी वाचणारं पाहिजे." दोन्ही भावांना बागेतून सुट्टी मिळणार नव्हती. मी रिकामीच होते.

क्लास इंदिरानगरात होता. तेव्हा इंदिरानगर नवं नवं होतं, निम्म्या प्लॉटवर गवत आणि निम्म्यावर विटा. एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत सर शिकवायचे. गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा आणि आमच्या वह्यांवर बारीक पीठ बसायचं. सर आधी लासलगावला रेल्वेत होते, कांद्याच्या वॅगनी भरून द्यायचे. जन्मभर त्यांनी इंग्रजीत एकच विषय लिहिला, तो म्हणजे माल खराब का झाला. त्यामुळे त्यांच्या सगळ्या उदाहरणांना कांद्याचा वास यायचा. "द वॅगन शुड हॅव बीन कव्हर्ड," ते खडू आपटत सांगायचे, "वॅगन झाकायला हवी होती. झाकली का? नाही झाकली. द अनियन्स मस्ट हॅव गॉट वेट. कांदे भिजलेच असणार. पाहिले का कोणी भिजताना? नाही पाहिले, पण वासावरून कळतं. वुई कुड हॅव सेव्ह्ड देम. वाचवता आले असते." मग खडू खाली ठेवून ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे. आम्ही हसायचो. मला तो धडा मुळीच आवडला नव्हता. जे होऊन गेलं त्याच्यासाठी इतकी क्रियापदं कशाला झिजवायची, असं वाटायचं. मला पुढच्या गोष्टी बोलायच्या होत्या, आय विल आणि आय शॅल.

माल काढायला सुरुवात झाली की आमचं घर शेडमध्येच राहायला जायचं. पत्र्याची लांब शेड, दोन्ही बाजूंनी टेबलं आणि टेबलांमागे हरसूलकडून आलेल्या बाया. कात्र्यांचा आवाज दिवसभर चालायचा, बारीक आणि न थांबणारा, आणि मला तो रात्री उशीवरही ऐकू यायचा. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, खराब मणी कात्रीच्या टोकाने उडवायचा. मग पिशवी, मग पेटी, आणि सगळ्यात वर एक कागद. तो कागद महत्त्वाचा. त्यात गंधकाचं औषध असायचं. जहाजात तीन आठवडे द्राक्षं राहणार, तेवढे दिवस बुरशी येऊ नये म्हणून. प्रत्येक बाईला नंबर होता आणि त्या नंबराचा रबरी शिक्का ती आपल्या पेटीवर मारायची. कुठे काही बिघडलं तर कोणाच्या हातचं ते कळावं म्हणून.

सात नंबर हिरामावशीचा. बारा जणींची टोळी तीच आणायची. उंच, काटक, तोंडात सदा सुपारीचं खांड. तिचा घड पेटीत बसला की जणू तिथेच लागलाय असं वाटायचं. दुपारी ती गाठोड्यातून नागलीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, काळी चटणी सोडायची, आणि मी घरातला वरणभात टाकून तिच्याशेजारी जाऊन बसायचे. "मालकाची पोर अन आमच्या भाकरीवर डोळा," ती म्हणायची आणि अर्धी भाकरी मोडून द्यायची. त्या चटणीचा तुरटपणा अजून माझ्या जिभेवर आहे. नाशिकच्या दुकानातून आणलेल्या खुरासणीला तो येत नाही.

पहिला ट्रक निघायच्या दिवशी पूजा असायची. आमच्याकडची जुनी रीत अशी की पहिल्या मालातलं देवाला उघडं दाखवायचं. पूर्वी पाट्या असायच्या तेव्हा प्रश्न नव्हता. आता पेट्या आल्या, तरी आईने रीत सोडली नाही. चौरंगापुढे अकरा पेट्या मांडायच्या, झाकणं उघडायची, प्रत्येक पेटीवर हळदीकुंकू, मग नारळ. नानांनी त्या अकरा पेट्या हिरामावशीच्या टेबलावरच्या घ्यायला सांगितल्या, कारण देवापुढे ठेवायचं तर सगळ्यात देखणं ठेवावं. झाकणं मी उघडली. वर पांढरे कागद दिसले तशी आई म्हणाली, "अगं, देवाला औषध दाखवते का? काढ ते." मी अकरा कागद काढले, नीट जुळवले आणि चौरंगावरच्या कापडाखाली सरकवले. हिरामावशी आत टेबलाशी होती. नाना ड्रायव्हरशी बोलत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि माझी दहाची एसटी गावाच्या वळणावर आली होती. नारळ फुटला, मी अकरा झाकणं भराभर बसवली, चिकटपट्टी मारली, दप्तर घेतलं आणि पळाले.

संध्याकाळी परत आले तर शेड झाडून झालेली. आईने मला चौरंग आत ठेवायला सांगितला. कापड उचललं आणि कागद माझ्या पायावर पडले.

मी ते मोजले. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. माल त्या रात्री कुठे आहे हे मला ठाऊक होतं. नाशिकजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता, सकाळी पुढे बंदराला जाणार होता. गावात सोसायटीच्या कचेरीत फोन होता आणि कचेरी उघडी होती. नानांना एक हाक मारायची, एवढंच काम होतं. नाना ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होते की यंदा मालाला बोट ठेवायला जागा नाही. मी दारापर्यंत गेले. आणि मग माझ्या डोक्यात आलं की हे सांगितलं तर नाना विचारतील, कसली घाई होती? एसटीची. कशासाठी? क्लाससाठी. आणि क्लास बंद होईल. आठवड्यातले ते तीन दिवस सोडले तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी परत फिरले. अकरा पेट्यांनी काय होतंय, इतक्या हजारांत, असं स्वतःला सांगितलं आणि कागद माझ्या ट्रंकेत जुन्या पुस्तकांखाली ठेवले. घाबरट होते मी, दुसरा शब्द नाही.

फॅक्स आला तेव्हा शेवटची तोडणी चालू होती. नानांनी तो खिशात चौघडी करून आणला होता. गटातले सगळे शेडमध्ये जमले आणि नानांनी मोठ्या अभिमानाने मला बोलावलं. "वाच गं. आता आपल्याला कोणाच्या तोंडाकडं बघायचं काम नाय." मी वाचायला लागले. एका लाकडी फळीवर रचलेल्या सगळ्या पेट्या त्यांनी नाकारल्या होत्या. सात नंबरच्या काही पेट्यांत बुरशी होती आणि ती शेजारच्या पेट्यांत पसरली होती. पुढे लिहिलं होतं, द शीट्स मस्ट हॅव बीन लेफ्ट आउट बाय द पॅकर. मी न अडखळता मराठी केलं. "कागद ठेवायचे राहिलेच असणार, सात नंबरच्या बाईकडून." त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, दे शुड हॅव बीन चेक्ड. तीही सांगितली. "तपासायला हवे होते." एक शब्द चुकवला नाही. सरांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

कात्र्या थांबल्या होत्या. हिरामावशी जागेवरून उठली नाही. "नाना, म्या कागद ठेवला व्हता," ती म्हणाली. "परत्येक पेटीत ठेवला व्हता."

"मग कुठं गेला?"

"ते मला नाय ठाव. म्या ठेवला व्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत होते. नानांनी पेन काढून फॅक्सवरच्या सातच्या आकड्याभोवती गोल केला. एक जण म्हणाला, गटाचं नाव गेलं. दुसरा म्हणाला, या बायांवर भरवसाच चुकीचा. नाना हळू आवाजात म्हणाले, "हिराबाई, उद्यापासून तुमची टोळी नको." बाया गाठोडी बांधून डांबरी रस्त्याकडे निघाल्या. माझी आई शेडच्या कोपऱ्यातल्या चुलीपाशी उभी होती, आणि तिच्या हातातली पळी तशीच वर धरलेली होती.

पुढच्या आठवड्यात सरांनी गृहपाठ दिला. शुड हॅवची दहा वाक्यं, आपल्या आयुष्यातली. मी लिहिली. मी छत्री न्यायला हवी होती. मी लवकर उठायला हवं होतं. मी आणखी एक आंबा खायला हवा होता. सरांनी वही बघितली, सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या आणि वही परत देताना चष्म्यावरून म्हणाले, "सुनंदा, चूक एकही नाही. पण यातलं एकही तुझं नाही. आंबे अजून यायचेत." वर्ग हसला. मी नाही हसले. त्या दिवशी मी सीबीएसला दोन गाड्या सोडल्या, कारण घरी जाववत नव्हतं आणि नाशकात थांबवत नव्हतं. रात्री झोप नव्हती. दिवसा शेडसमोरून जायला नको म्हणून मी विहिरीच्या अंगाने लांबून जायचे. आईवर खेकसायचे, भावांशी भांडायचे, आणि क्लासची वही उघडली की वाटायचं हिच्यासाठीच आपण तोंड शिवलं.

शेवटी एका सकाळी मी ट्रंक उघडली. कागद होते, पण मी ठेवले तसे नव्हते. ते आईच्या एका खणात गुंडाळलेले होते, हिरवा खण, जरीकाठी. मी तिथेच फतकल मारून बसले. म्हणजे तिला ठाऊक होतं. तिनेच काढायला सांगितले होते. तिला वाटत असणार की बोललं तर पोरीवर येईल, आणि मला हे कधी सुचलंच नव्हतं की बोललं तर आईवर येईल. मी फक्त माझ्या क्लासचा विचार केला होता. स्वयंपाकघरात ती भाकरी थापत होती. मी तो खण दप्तरात घातला. क्लासला जाते म्हणून निघाले आणि उलट्या दिशेची, हरसूलची गाडी धरली.

वाघेरा घाट संपेपर्यंत मी दप्तर मांडीवर धरून बसले होते. हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकट, मिरच्या, बांबूच्या टोपल्या, बांगड्यांचे ढीग. त्या गर्दीत हिरामावशी गोणपाटावर नागलीचा छोटा ढीग घेऊन एकटी बसलेली दिसली. मला बघून तिने सुपारी गालात सरकवली. "का गं? भाकर खायला आली?"

मी खण उलगडला. कागद तिच्यापुढे ठेवले. पूजा, आई, एसटी, चौरंग, सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती आणि मधेच एका गिऱ्हाइकाला नागली मापून देत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "मला काय सांगते? मला ठाऊकच हाय की म्या ठेवले व्हते."

"तुमच्यावर आळ आला, मावशी. माझ्यामुळे."

"आळ आला त्यो आला. पण बाया गेल्या माझ्या." तिने पहिल्यांदा आवाज चढवला. "सात नंबर खोटा निघाला म्हणत्यात. हिच्यासंगं गेलं तर आपलं बी काम जाईल. दुसरीच्या टोळीत गेल्या. माझी सख्खी भाची बी गेली. आता तू हितं येऊन कागद दावते. बाजाराला दावू का मी?"

मी रडायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने कागद पुन्हा खणात बांधले, गाठ मारली आणि माझ्या हातात दिले.

"जिथं वाचलं व्हतं ना, तिथं सांग. तेवढ्याच माणसांत. जा, गाडी हाय आता."

एप्रिल छाटणीचं ठरवायला गटातले सगळे पुन्हा शेडमध्ये जमेपर्यंत मी थांबले. तो मधला पंधरवडा कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही, मी नुसती येरझारा घालत होते. त्या दिवशी चहा झाला आणि मी आत जाऊन नानांना म्हणाले, "तो फॅक्स द्या, परत वाचायचाय." त्यांना वाटलं काहीतरी राहिलं असेल. मी पहिल्यापासून वाचला, तसाच, न अडखळता. आणि शेवटी खण टेबलावर ठेवून सोडला. "कागद हिरामावशीने ठेवले होते. पूजेला मी काढले. परत ठेवायला विसरले."

तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. ती पुरुषांच्या बैठकीत कधी बोलायची नाही. "काढायला मी सांगितलं व्हतं. पोरीचं एकटीचं नाय ते."

नानांनी मला एकच विचारलं. "तुला कधी घावले हे?"

"त्याच संध्याकाळी."

"माल रातभर नाशकातच व्हता," ते म्हणाले. "फोन करता आला असता." सरांचं वाक्य होतं ते, कांद्याच्या वॅगनीचं, आणि आता मला त्याचं हसू येण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नानांनी मला मारलं नाही, रागावले नाहीत. क्लास बंद करा असंही म्हणाले नाहीत. तो मीच बंद केला. शेवटच्या दिवशी सरांच्या टेबलावर वही ठेवली, त्यात ‘शुड हॅव’चं एकच वाक्य होतं. सरांनी ते वाचलं, खूण केली नाही, आणि वही मिटून मला परत दिली.

पुढच्या हंगामाच्या आधी नाना स्वतः हरसूलला गेले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हिरामावशी आली, पण बारा जणींतल्या तिघीच तिच्याबरोबर होत्या. बाकीच्या परत कधीच आल्या नाहीत. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. तो फॅक्सही माझ्याकडे आहे. त्या कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात हे तेव्हा कोणाला माहीत होतं! आता तो कोरा झालाय, फक्त नानांच्या पेनाचा गोल राहिलाय.

पहिल्या दिवशी नानांनी तिच्यापुढे सातचा शिक्का ठेवला. तिने तो उचलला, उलटा करून बघितला आणि माझ्यासमोर ठेवला. "मला तेरा द्या," ती नानांना म्हणाली. "सात हिला."

त्या हंगामात मी तिच्या शेजारच्या टेबलाला उभी राहिले. बोटं कातरली, पाय सुजले, पण जागची हलले नाही. माझ्यासारखीने एका जागी दोन महिने उभं राहावं याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. पूजेच्या अकरा पेट्या त्या वर्षी आईने माझ्या टेबलावरच्या घेतल्या आणि कागद तसेच ठेवून देवाला दाखवल्या. मी पेटी भरायचे, कागद ठेवायचे, झाकण लावायचे, सात मारायचे. आणि दर वेळी हिरामावशी हातातली कात्री खाली ठेवायची, हात लांब करून माझ्या पेटीचं झाकण उचलायची, कागद आहे का बघायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची. एक शब्द नाही. दिवसाला शंभरदा, सगळ्या बायांच्या देखत.

शेवटच्या दिवशी शेवटची पेटी मी भरली, झाकण लावलं, शिक्का मारला आणि हात बाजूला घेऊन वाट पाहत उभी राहिले. हिरामावशीने पेटीकडे पाहिलं. मग फडक्याला कात्री पुसली, भाकरीचं गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "चल, भाकर खाऊ."